शून्याच्या खालचा आठ

या इमारतीतल्या बहुतेकांबद्दल एव्हाना सांगून झालंय. दुसऱ्या मजल्यावरच्या गाणाऱ्या बाई झाल्या, त्यांचं गाणं ऐकून घर बदलणारे गृहस्थ झाले, गच्चीवर चोरून सिगारेट ओढणारे दातांचे डॉक्टर झाले. चौथ्या मजल्यावरच्या रांगमास्तरांचं मात्र राहून गेलं. खरं तर पहिला मान त्यांचाच होता. पण दरवेळी त्यांचा विषय काढावा आणि मध्ये दुसरंच कुणीतरी यावं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्यांच्या बाबतीत सगळं असंच होतं, आणि ते का होतं, तीच तर गोष्ट आहे.

वय बावन्न. अंगानं काडी. भांग असा की पट्टी लावून पाडलाय. ‘रांगमास्तर’ हे नाव इमारतीनंच दिलेलं. लिफ्टपाशी चार माणसं उभी असली की हे पाचवे येत, आधी कोण आलं नि नंतर कोण आलं याचा निवाडा करत आणि मगच कुणाला आत पाऊल टाकू देत. तोवर लिफ्ट वर गेलेली असे. बायको शिवणकामाचे वर्ग घ्यायची. ती म्हणायची, “आमच्याकडे शिंकसुद्धा नंबर लावून येते. आधी यांची, मग माझी.”

नोकरीही तशीच मिळाली होती, जणू पत्रिका बघून. ते एका डेटा सेंटरमध्ये होते. डेटा सेंटर म्हणजे काय, तर आपल्या फोनमधलं जे काही ‘कुठेतरी’ असतं ना, ते तिथे असतं. शहराच्या टोकाला एक बिनखिडक्यांची चौकोनी इमारत, आत थंडगार हॉल, माणसापेक्षा उंच कपाटांच्या ओळी आणि पंख्यांची अखंड घरघर. प्रत्येक कपाटाच्या डोक्याशी एक चपटा खोका. तो स्विच. एका तारेतून आलेलं दुसऱ्या तारेत घालायचं, एवढंच त्याचं काम. पण तारा अरुंद आणि जाणारे फार. मग कुणी आधी जायचं, कुणी थांबायचं आणि कुणाला लाइनीतला किती वाटा, हे स्विचला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे रांगमास्तर.

तारेतून माहिती लहान लहान पुडक्यांत जाते, ती पॅकेटं. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक आकडा असतो, शून्यापासून त्रेसष्टपर्यंत. आकडा बघून स्विच त्याला आठांपैकी एका रांगेत उभं करतो. सेहेचाळीस म्हणजे आवाज, फोनवरचं बोलणं. ते अडलं तर माणसं ‘हॅलो हॅलो’ करत बसतात, म्हणून ते सगळ्यांच्या पुढे. व्हिडिओ त्याच्या मागे, पण लाइनीतला निम्मा वाटा त्याचा. शून्य म्हणजे सामान्य जनता.

आणि मग आठ. या धंद्यातली खरी गंमत आठात आहे. आठ हा शून्याच्याही खाली. आठ म्हणजे उरलंसुरलं. उशिरा पोचलं काय नि न पोचलं काय, ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, ते आठात. सगळ्यांचं आटोपून लाइन मोकळी राहिली तर जायचं. नाही राहिली तर थांबायचं. थांबायची जागा भरली की पडायचं. पडलं की संपलं. स्विच त्याबद्दल कुणाला अवाक्षर बोलत नाही, फक्त एका कोपऱ्यातला आकडा एकानं वाढवतो.

नवशिके इथे हमखास तोंडघशी पडतात. आठ मोठा दिसतो ना शून्यापेक्षा! रांगमास्तर नव्या लोकांना शिकवताना याच ठिकाणी थांबत, चष्मा पुसत आणि हसत. त्यांचं वर्षभरातलं हसू तेवढंच.

तर एक दिवस त्यांच्याकडे घंटावाले आले.

म्हणजे एका कंपनीचे साहेब. त्यांचा धंदा घंटांचा. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात एक लाल लॉकेट घालतात. पडलं, चक्कर आली, छातीत दुखलं की लॉकेट दाबायचं. दाबलं की त्यातून निरोप निघतो, डेटा सेंटरमधून कंपनीत जातो, तिथे घंटा वाजते आणि माणसं धावतात. काम पुण्याईचं. पण साहेब आले ते वीस मिनिटं उशिरा, आणि बाहेर बाकावर दोघं जण नंबर धरून बसलेले असताना सरळ दार ढकलून आत.

रांगमास्तरांच्या कपाळाची शीर उडाली. तोंडानं मात्र “बसा” म्हणाले.

“आमच्या कामात जिवाशी गाठ आहे,” साहेब म्हणाले. “आम्हाला वरचा नंबर हवा. रांगा किती तुमच्याकडे?”

“आठ.”

“मग आठ!” साहेबांनी फॉर्म ओढला आणि ‘खूण’ असं लिहिलेल्या, म्हणजे कपाळावरच्या आकड्याच्या, चौकटीत झोकात आठचा आकडा काढला. रांगांच्या नंबराची चौकट त्याच्या शेजारी होती. ती कोरीच राहिली.

रांगमास्तरांनी आठाकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

“नक्की आठ?”

“नक्की म्हणजे काय! एकदम पक्का.”

“बरं. सही करा.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही गोष्ट बायकोला रंगवून सांगितली. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, “मग सांगितलं ना त्याला?”

“काय सांगायचं? फॉर्मवर सही त्याची. मागितलं ते दिलं.”

“अहो, पण घंटा कुणाच्या?”

“गिऱ्हाइकाच्या.”

“रांगेत घुसला म्हणून एवढं?” असं म्हणून ती भांडी उचलायला लागली. त्यांचं पान अजून संपलं नव्हतं, तरी उचललं.

सोमवारी त्यांनी नवे नियम स्विचवर चढवले. त्या महिन्यात एक व्हिडिओवालं मोठं गिऱ्हाईक आलं होतं. दिवसभर त्यांची गर्दी, रात्रभर सगळ्यांच्या माहितीच्या नकला उतरवायचं काम. लाइनीला श्वास घ्यायला उसंत नव्हती.

मंगळवारी ऑफिसात चहावाला आला. टेबलाटेबलावर कप ठेवत गेला आणि ट्रे रिकामा करून निघाला.

“अरे, माझा?” रांगमास्तर म्हणाले.

चहावाला दारापर्यंत पोचला, थांबला आणि कुणीतरी खांद्याला हात लावावा तसा वळला. “अरे, तुम्ही होता होय? आणतो हं.” तो गेला. आणला नाही.

बुधवारी ऑफिसचं आपोआप उघडणारं काचेचं दार उघडेना. ते समोर उभे राहिले, मागे सरले, पुन्हा पुढे आले, हात हलवला. शेवटी मागून एक मुलगी आली, तिच्यासाठी दार पटकन उघडलं, तिच्या पाठोपाठ हे आत शिरले. गुरुवारी न्हाव्याकडे तास बसले. त्यांच्या नंतर आलेले चौघं दाढ्या करून गेले. न्हाव्यानं दुकान झाडायला घेतलं, झाडू यांच्या बुटाला लागला तेव्हा दचकून म्हणाला, “अरे, तुम्ही होता होय?”

कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं. कुणी नाही म्हणत नव्हतं. फक्त प्रत्येकाच्या पुढे दुसरं कुणीतरी होतं.

आपली इमारत असल्या गोष्टींवर टपलेलीच असते, पण खरं सांगायचं तर आपल्यालाही काही कळलं नाही. त्या आठवड्यात लिफ्ट चौथ्यावर थांबत नव्हती, याची साधी तक्रारसुद्धा कुणाकडे नव्हती. ते ओरडत असतील. आपण रेडिओ लावला असेल.

शुक्रवारी जेवायच्या वेळी बायकोनं पान वाढून घेतलं, जेवली, हात धुतले, पुसले. समोरच्या खुर्चीत ते बसलेले होते. तिनं दिवा मालवला आणि दाराशी जाऊन पुन्हा लावला.

“अहो, तुम्ही होता होय?” ती म्हणाली. आणि तिचा स्वतःचाच आवाज तिला आवडला नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं.

आता यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. शनिवारी सकाळी ते जिना उतरून खाली आले, तर मीटरच्या पेट्यांखालच्या बाकावरून आवाज आला, “नमस्कार, रांगमास्तर.”

एक म्हातारे गृहस्थ. तपकिरी स्वेटर, मांडीवर घडी केलेला पेपर.

“तुम्ही... नवीन आलात का इथे?”

“एकोणीस वर्षं झाली,” गृहस्थ म्हणाले. “तळमजल्यावरच राहतो. रोज तुम्हाला नमस्कार घालतो. तुम्ही आज घेतलात.”

रस्त्यावर सिग्नलला एक पिवळ्या शालीतली बाई त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली. बसमध्ये शेवटच्या सीटवरच्या माणसानं सरकून जागा करून दिली. या शहरात इतकी माणसं होती आणि ती रोज इथेच होती, हे रांगमास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

अशा वेळी माणूस आपल्या माहितीच्या जागी जातो. ते ऑफिसात गेले आणि स्विचवरचे आकडे बघत बसले. सगळ्या रांगा नीट वाहत होत्या. फक्त आठ खुणेच्या रांगेसमोर, पडलेल्यांच्या खान्यात, आकडा होता तीनशे सहा. ते बघत असतानाच तीनशे नऊ झाला. थोड्या वेळानं तीनशे बारा. तीन, मग शांतता. तीन, मग शांतता. कुणीतरी बंद दारावर टकटक करावं तसं.

घंटेचं लॉकेट एकदा दाबलं की तेच पॅकेट तीनदा पाठवतं, हे त्यांना फॉर्मवरून माहीत होतं. तीनशे बारा भागिले तीन. त्यांनी हिशेब केला आणि हात टेबलावरून मांडीवर घेतले.

घंटांच्या कंपनीला फोन लावला. ‘आपण रांगेत आहात,’ एक गोड बाई म्हणाली. चाळीस मिनिटं म्हणत राहिली. सहाव्या वेळी एकजण चुकून फोनवर आला.

“घंटा? नाही हो, सोमवारपासून एकही नाही!” तो खुशीत होता. “रोज चाचणीला दाबणारेसुद्धा थांबलेत, कंटाळले असतील. सगळी मंडळी ठणठणीत. आम्ही इथे कॅरम मागवलाय.”

“अहो ऐका, घंटा वाजतायत, तुमच्यापर्यंत...”

“हॅलो? हॅलो? कुणी आहे का?” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रांगमास्तरांनी मग आत येणाऱ्या तारांच्या नोंदी उघडल्या आणि पडलेल्या पॅकेटांवरचे पाठवणाऱ्यांचे नंबर एका कागदावर उतरवून घेतले. कोण किती वाजता दाबतंय, किती वेळा. एक नंबर रोज चारच्या ठोक्याला. दुसरा एक गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सारखा, आणि त्यानंतर अजिबात नाही. बाकीचे अधूनमधून. त्यांना नावं नव्हती, पत्ते नव्हते. नुसते बारा आकडी नंबर.

रविवारी ते मावशीकडे गेले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, यांना वाढवलं मावशीनंच. आता ब्याऐंशी वर्षांची, रस्त्यापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी. इकडे येऊन राहा म्हटलं तर म्हणायची, “तुझ्या घरी मला न्हाणीघराचा कितवा नंबर मिळेल ते आधी लेखी दे.”

ते जिना चढून गेले. बेल दाबायला हात उचलला, तोच आतून आवाज आला, “ये रे सोन्या. दार उघडंच आहे.”

आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना कुणी पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. तेही बेल न वाजवता. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मावशीसमोर बसून त्यांनी चहा घेतला, तिनं न विसरता दोन चमचे साखर घातली, त्यांचं बोलणं सगळं ऐकलं, मध्येच “भांग वाकडा झालाय” म्हणाली. जगातली एक तरी गोष्ट शाबूत होती.

मग चार वाजले. मावशीनं गळ्यात हात घातला, कपड्याआडून लाल लॉकेट बाहेर काढलं आणि अंगठ्यानं दाबलं.

“हे... हे कधी घेतलंस?”

“झाले तीन महिने. डॉक्टरांनी घ्यायला लावलं. तुला सांगितलं नाही. गळ्यात घंटा बांधली म्हणून गाय म्हणशील.” तिनं लॉकेट कानाशी धरलं. “रोज चारला दाबून बघा म्हणतात. आधी लगेच एका मुलीचा फोन यायचा, ‘आजी, ठीक ना?’ गोड आवाज होता. आठवडा झाला, कुणीच विचारत नाही. मी म्हटलं, असेल गर्दी. माझा नंबर लागायचाय.”

रांगमास्तरांनी खिशातला कागद काढला. लॉकेटच्या पाठीवरचा नंबर वाचला. एकेक आकडा जुळत गेला, बाराच्या बारा. आणि मग दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. मावशीला ते पहिल्या झटक्यात का दिसले, ते त्यांना कळलं. मायेमुळे नव्हे. ती त्यांच्याच रांगेत उभी होती. खालच्या रांगेतली माणसं फक्त एकमेकांनाच दिसतात. आणि तिला तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलं होतं.

“तोंड असं काय केलंस? साखर जास्त झाली?”

“नाही गं,” ते म्हणाले.

तिला आपल्या घरी न्यायचा त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. ती हलेना. “परवा चक्कर आली होती, पण अगदी लहानशी,” एवढं मात्र ती बोलून गेली.

इलाज सोपा होता. आठाच्या जागी सेहेचाळीस लिहायचं. एक ओळ. पण बदल करायचा तर फॉर्म लागतो, फॉर्मवर मोठ्या साहेबांची सही लागते आणि घंटावाल्यांचीही. हा नियम वीस वर्षांपूर्वी रांगमास्तरांनीच घालून दिलेला. विनाफॉर्म बदल म्हणजे त्यांच्या लेखी रांगेत घुसणं, आणि रांगेत घुसणाऱ्याला त्यांच्या लेखी क्षमा नव्हती. त्यांनी सोमवारी फॉर्म भरून पाठवला. मंगळवारी आठवण पाठवली. बुधवारच्या बैठकीत हात वर केला. बैठक दीड तास चालली, हात दीड तास वर होता. मोठे साहेब म्हणाले, “आणखी कुणाला काही? नाही ना? चला.” दिवे बंद करून सगळे गेले. अंधारात यांचा हात तसाच वर.

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ते आकडे बघत होते. पडलेल्यांच्या खान्यात तीन वाढले. लगेच तीन. लगेच तीन. मध्ये शांतता नाहीच. पाठवणाऱ्याचा नंबर मावशीचा, आणि चार वाजायला खूप अवकाश होता.

त्यांनी बायकोला फोन लावला. वाजत राहिला. बायको घरी शिवणाचा वर्ग घेत बसली होती, फोन तिच्या हाताशी होता, आणि तिला तो वाजतोय असं वाटलंच नाही. दवाखान्याच्या नंबरावर, ‘आपण रांगेत आहात.’ खाली रस्त्यावर पळाले, रिकाम्या टॅक्सीला हात केला. एक गेली, दुसरी गेली, तिसरी यांच्या पुढ्यात थांबली आणि मागून आलेल्याला घेऊन गेली. चालत गेलं तर पाऊण तास.

ते पुन्हा वर आले. खुर्चीत बसून स्विचला हुकूम द्यायला लागले. एक अक्षर टाइप केलं. पडद्यावर काही नाही. एक मिनिटानं अक्षर उमटलं. दुसरं टाइप केलं. त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं टाइप करणंसुद्धा आता त्याच तारांमधून जातं, आणि त्याच्याही कपाळावर आठ आहे.

स्विचशी बोलायची एक जागा मात्र अशी असते जिथे रांगच नसते. खोक्याच्या पाठीमागे एक छोटं भोक असतं. त्यात चपटी निळी केबल घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला. मग तुम्ही नि तो, मध्ये कुणी नाही. त्यांनी केबल खिशात कोंबली, लॅपटॉप काखेत मारला आणि हॉलकडे धावले. हॉलच्या दारानं त्यांचं कार्ड वाचलं नाही. एक सफाईवाली आली, तिच्या पाठीला चिकटून ते आत घुसले. आयुष्यात पहिल्यांदा. पहारेकऱ्यानं बघायला हवं होतं, पण त्याची नजर यांच्यावरून घसरून पुढच्या कपाटावर गेली.

थंड फरशीवर मांडी घालून ते बसले. पंखे घरघरत होते. चौदाव्या ओळीतलं तिसरं कपाट. केबल घातली. या वेळी अक्षरं बोटाबरोबर उमटली. घंटांना त्यांनी आवाजाच्याही पुढे नेलं. त्या रांगेला किती वाटा, या प्रश्नाशी बोट जरा थांबलं. ज्या रांगेला मर्यादा नाही ती बाकीच्यांना उपाशी मारते, हे ते जन्मभर शिकवत आले होते. पण घंटा केवढीशी, तिला असं किती लागणार? लिहिलं, हवा तेवढा. आणि बटण दाबलं.

पडलेल्यांचा आकडा थांबला. तीन वाढले नाहीत. एकही वाढला नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला कॅरमभोवती बसलेल्या मंडळींच्या डोक्यावर त्याच क्षणी घंटा वाजली. मग दुसरी. मग पाच-सहा मिळून. स्ट्रायकर हातात घेतलेला मनुष्य तसाच उभा राहिला, असं नंतर कानावर आलं.

रांगमास्तर पाऊण तास चालत, पळत, पुन्हा चालत मावशीच्या इमारतीपाशी पोचले, तेव्हा खाली गाडी उभी होती. दोघं जण मावशीला स्ट्रेचरवरून उतरवत होते. खुबा मोडला होता, पण शुद्धीत होती आणि उचलणाऱ्यांना सूचना देत होती. शेजारी रांगमास्तरांची बायको. तिला कंपनीच्या त्या गोड आवाजाच्या मुलीनं फोन केला होता, आणि तो मात्र तिला पहिल्या रिंगला ऐकू आला होता.

“मावशी!” रांगमास्तर म्हणाले.

मावशीनं आकाशाकडे पाहिलं. उचलणाऱ्यांकडे पाहिलं. सुनेला म्हणाली, “सोन्याला कळवलंस का गं?”

“मावशी, मी इथेच आहे.”

ते तिच्या हाताला लागून उभे होते. त्यांनी तिचा हात धरला. बऱ्याच वेळानं तिच्या बोटांना काहीतरी जाणवलं असावं. तिनं मान वळवली, त्यांच्या तोंडाच्या जरा बाजूला कुठेतरी बघितलं, आणि लाजल्यासारखं हसली.

“अरे, तू होतास होय?”

गाडीचं दार लागलं. मावशी गेली, वाचली. पुढे काठी घेऊन चालायला लागली. या बाबतीत सगळं चांगलंच झालं.

विनाफॉर्म बदल कुणी केला याची चौकशी झाली. स्विचच्या नोंदीत नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, पण वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवर ठरेना. चौकशी समितीनं चाळीस जणांना बोलावलं. रांगमास्तर बाहेर बाकावर बसून होते. त्यांची पाळी आलीच नाही.

संध्याकाळी ते खाली मीटरच्या पेट्यांपाशी जाऊन बसायला लागले. तपकिरी स्वेटरवाल्यांनी जागा करून दिली.

“तुम्ही कशानं?” रांगमास्तरांनी विचारलं.

“तिकीट खिडकीवर होतो,” ते म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीला दोन मिनिटं बाकी होती. एक बाई आली, खूप घाईत होती. आधी रांगेवरून वाद घातला होता तिनं. मी खिडकी लावली. नियमानं लावायला हरकत नव्हती म्हणा.”

“मिळालं का तिला तिकीट? शेवटी?”

“तेच तर विचारलं नाही मी कधी.” त्यांनी पेपरची घडी उलटी केली. “आता विचारायला गेलं तर ऐकतंय कोण. तुमचं काय राहिलंय विचारायचं?”

रांगमास्तरांच्या खिशात तो कागद अजून होता. एक नंबर, गुरुवारी दिवसभर, शुक्रवारी दुपारपर्यंत, आणि मग काही नाही. सगळ्या घंटा पोचायला लागल्यावरही त्या नंबरावरून एकदाही काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते घंटांच्या कंपनीत गेले. कुणी अडवलं नाही. अडवायला आधी दिसावं लागतं. त्यांनी कपाटातली वही काढली, नंबर शोधला, पत्ता लिहून घेतला, वही जागेवर ठेवली. कॅरमवर धूळ बसली होती.

पत्ता आपल्या इमारतीजवळचाच निघाला. दोन गल्ल्या सोडून, पाचवा मजला. दारावर पाटी नव्हती. पायपुसण्यावर दूध कंपनीच्या ‘कुणी दार उघडत नाही’ अशा चिठ्ठ्या पडल्या होत्या. रांगमास्तर बराच वेळ तिथे उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये पाठ केलं होतं. नियमाचा एकही शब्द त्यात नव्हता. मग त्यांनी हात उचलला.

“या,” आतून आवाज आला. बाईचा, म्हातारा, स्वच्छ. “दार उघडंच आहे.”

दार खरंच उघडं होतं. पडदे ओढलेले. खिडकीशी खुर्चीत बाई बसल्या होत्या, मांडीवर हात, हातात लाल लॉकेट. टेबलावर चहाचा कप होता, त्यावर जाड साय, सायीवर धूळ.

“घंटावाले ना?” बाई म्हणाल्या. “दोन दिवस दाबलं हो. मग म्हटलं, येतील तेव्हा येतील.”

“घंटावाले नाही मी,” रांगमास्तर म्हणाले. “त्यांनी चुकून आठ लिहिला होता. मला तेव्हाच दिसलं होतं. मी सांगितलं नाही.”

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. “काय सांगायचं राहिलं, ते नीट सांगा. पहिल्यापासून. मला वेळ आहे.”

“तुम्हाला काय झालं होतं? त्या शुक्रवारी?”

“ते तुमचं सांगून झाल्यावर,” बाई म्हणाल्या. “आधी तुम्ही आलात.”

रांगमास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली आणि बसले. घाई करण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या मागे रांगेत कुणीच उभं नव्हतं.